डिसेंबरअखेर ऑरलँडोला जातोय, कपडे कोणते आणि किती घ्यायचे?

गोदाकाठ | १६ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. आम्ही २६ डिसेंबर ते १ जानेवारी ऑरलँडोला जातोय. राहतो न्यू जर्सीत, माणसं सहा. मी, नवरा, मुलगा १० वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची आणि नाशिकहून आलेले सासू-सासरे, आई ६८ च्या आणि बाबा ७३ चे. डिस्नेची चारही पार्कं (मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, ॲनिमल किंगडम) चार दिवस, एक दिवस युनिव्हर्सलचं पार्क आणि एक दिवस नासाचं केनेडी स्पेस सेंटर, बाबांची फार इच्छा आहे म्हणून.

तिकिटं, हॉटेल, विमान सगळं झालंय, गाडी अडलीये ती कपड्यांवर. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो, ऑफिसातली एक म्हणाली आम्ही आठवडाभर शॉर्ट्सवर होतो आणि नवऱ्याचा मित्र म्हणाला हातमोजे विकत घ्यावे लागले, आणि दोघेही डिसेंबरमध्येच गेलेले! त्यात इथून निघताना शून्याच्या खाली असणार म्हणजे जाड जॅकेटं घालूनच निघायचं, ती सहा जॅकेटं तिकडे कुठे मिरवायची? बाबांना थंडी बाधते, मागच्या हिवाळ्यात खोकला दोन महिने गेला नव्हता. आई कायम साडीत असतात. एकदाच होणारी ट्रिप आहे हो ही त्यांची, कपड्यांपायी कुणी आजारी पडायला नको आणि कुणी हॉटेलात बसून राहायला नको, एवढंच मला पाहिजे. सामान म्हणाल तर २३ किलोच्या दोन मोठ्या बॅगा आणि प्रत्येकाची एक छोटी.

---

भटकभवानी | १६ नोव्हेंबर

गोदाकाठ, तुमची ऑफिसवाली आणि तो मित्र दोघंही खरं बोलतायत. मी ११ वर्षं तिकडेच काढलीत, ऑरलँडोपासून अर्ध्या तासावर, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

डिसेंबरात दुपारी सरासरी २३ डिग्री आणि पहाटे १२ च्या आसपास, जानेवारीत दोन्हीकडून एकदोन डिग्री कमी. म्हणजे डोळ्यासमोर महाबळेश्वरचा डिसेंबर आणा, दुपारी उन्हात स्वेटर नको होतो आणि सूर्य गेला की लगेच हवाहवासा. पण ही झाली सरासरी. प्रत्यक्षात चारपाच दिवस २६-२७ चे जातात, मग उत्तरेकडून थंडीची लाट येते, आधी एक दिवस पाऊस पडतो, मग आकाश लख्ख होतं, वारा सुटतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ४-५ डिग्री. दोनतीन दिवसांनी पुन्हा गरम. तुमची ऑफिसवाली दोन लाटांच्या मधे जाऊन आली आणि मित्र लाटेत सापडला. २०२२ च्या ख्रिसमसला तर पारा गोठणबिंदूपर्यंत उतरलेला, मी स्वतः अंगणातल्या कुंड्यांवर चादरी घातल्यात.

आणि हा फरक एका दिवसातही असतो बरं का. सकाळी आठला गेटबाहेर रांगेत उभे असाल तेव्हा १० डिग्री, दुपारी दोनला २३, संध्याकाळी साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळला की तासाभरात १६, आणि आतिषबाजी संपवून पार्किंगला येईपर्यंत १२. हॉटेल तिथून लांब, मधे जाऊन कपडे बदलून येऊ म्हटलं तरी दीडदोन तास मोडतात. म्हणून सकाळी जे अंगावर आणि पिशवीत आहे त्यावरच रात्री दहापर्यंत निभवायचंय असं समजून चला. एक जाड कपडा तिथे काही कामाचा नाही. तीन पातळ घ्या, काढता येतील, पिशवीत मावतील आणि पुन्हा चढवता येतील असे.

---

दोनपोरांचीआई | १६ नोव्हेंबर

भटकभवानीला पूर्ण अनुमोदन, फक्त माझं म्हणणं असं की कपड्यांच्या आधी बुटांचं बघा!!

आम्ही मागच्या वर्षी गेलो तेव्हा माझ्या फोनवर रोज २० ते २४ हजार पावलं पडत होती, एपकॉटच्या दिवशी तर त्याहून जास्त. तिथे तळ्याभोवती ११ देशांचे मंडप आहेत, ती एकच फेरी जवळपास दोन किलोमीटरची होते आणि एका फेरीत काही भागत नाही. मी हौसेने ट्रिपसाठी नवे बूट घेतलेले, ते पहिल्याच दिवशी चावले, दुसऱ्या दिवशी दोन्ही टाचांना फोड आणि पुढचे तीन दिवस मी फोटोत हसतेय पण मला आठवतात त्या फक्त टाचा. तेव्हा प्रत्येकाचे बूट आत्तापासून, म्हणजे अगदी या आठवड्यापासून घालायला लावा. आजी-आजोबांना सुद्धा. आणि दोन जोड न्या. एक भिजला किंवा एका जागी टोचायला लागला की दुसऱ्या दिवशी दुसरा, जागा बदलली की पायाला आराम पडतो.

मोजे शुद्ध सुती नकोत. सुती मोजा घाम पितो आणि ओलाच राहतो, ओली कातडी घासली की फोड आलाच. पळणारे लोक घालतात ते पातळ मिश्र धाग्याचे घ्या, आणि दिवसाला दोन जोड धरा. दुपारी जेवताना मोजे बदलून बघा एकदा, पाय नवे झाल्यासारखे वाटतात, खरंच सांगते.

---

गोदाकाठ | १७ नोव्हेंबर

किती पटकन उत्तरं दिलीत, मनापासून आभार. बूट कालच काढले, आईंचे स्पोर्ट्स शूज आहेत पण त्या घालायला नको म्हणतात, चपलेवरच सवय आहे. आणि बाबा रोज नाशिकची थंडी आणि तिकडची थंडी असा हिशेब करतायत, इथे सगळं फॅरनहाइटमध्ये असल्यामुळे त्यांची गडबड होते :)

---

भटकभवानी | १७ नोव्हेंबर

त्यांना एवढंच कागदावर लिहून द्या: ७० म्हणजे २१, ६० म्हणजे साडेपंधरा, ५० म्हणजे १०, ४० म्हणजे साडेचार आणि ३२ म्हणजे शून्य. रात्रीचा आकडा ५० च्या खाली दिसला की त्या दिवशी कानटोपी पिशवीत. अंदाज निघायच्या चारपाच दिवस आधी बघा, त्याआधीच्यावर माझा तरी भरवसा नसतो.

---

जुनाइंजिनियर | १७ नोव्हेंबर

मी ७१ वर्षांचा आहे, दोन वर्षांपूर्वी मुलाकडे आलो असताना हीच ट्रिप केली, म्हणून तुमच्या सासरेबुवांच्या बाजूने लिहितो.

ऑरलँडो आणि दिल्ली जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, साडेअठ्ठावीसच्या आसपास. पण दिल्लीच्या उत्तरेला हिमालय आहे, तो मध्य आशियातला गारठा बराचसा अडवतो. फ्लोरिडाच्या उत्तरेला थेट कॅनडापर्यंत अडवणारा आडवा डोंगर नाही, त्यामुळे तिकडची थंड हवा सपाट मैदानावरून खाली घसरत येते. एरवी दोन्ही बाजूंच्या समुद्रामुळे हवा उबदार राहते, पण लाट आली की समुद्राचंही फारसं चालत नाही. १९८३ आणि १९८९ च्या डिसेंबरात अशाच लाटांनी मध्य फ्लोरिडातल्या संत्र्याच्या बागा मेल्या आणि पुष्कळ बागायतदार दक्षिणेला सरकले. तुम्ही नाशिकचे, एका रात्रीच्या थंडीने द्राक्षबागायतदाराचं काय होतं ते तुमच्या बाबांना सांगायला नको. निफाडला पारा उतरला की शेकोट्या पेटवतात, तिथे संत्र्याच्या झाडांवर पाणी फवारतात, पाणी गोठताना जी थोडी उष्णता सोडतं तिच्यावर झाड तगतं.

केनेडी स्पेस सेंटरला जाणार आहात ते फार उत्तम. ऑरलँडोहून मोटारीने तासाभराचा रस्ता, पण ते अगदी समुद्राकाठी आहे आणि वारा ऑरलँडोपेक्षा जास्त लागतो. रॉकेट गार्डन पूर्ण उघड्यावर, अटलांटिस यान मात्र इमारतीत. तिथे उभं राहिल्यावर मला २८ जानेवारी १९८६ आठवला. त्या रात्री याच किनाऱ्यावर पारा गोठणबिंदूखाली गेला होता, थंडीने रबराच्या कड्या कडक झाल्या आणि सकाळी उडालेलं चॅलेंजर यान ७३ सेकंदांत गेलं. सात माणसं. बातमी आली तेव्हा मी कारखान्यात होतो, आम्ही सगळे काम थांबवून उभे राहिलो होतो. फ्लोरिडात कसली आलीये थंडी, असं म्हणणाऱ्याला मी ती पहाट आठवायला सांगतो.

आता वयस्कर माणसाचं. छाती, कान आणि पावलं, ही तीन झाकली की बाकी निभतं. मी पातळ थर्मल बनियन आतून, वर नेहमीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर घालत होतो. बिनबाह्यांचा एवढ्याचसाठी की काढायला-घालायला सोपा, खांदे आखडलेले असतात आमचे. सगळ्यात वर पातळ विंडचीटर. थर्मलची विजार नेली होती पण एकदाही घातली नाही, दुपारी ती काढायची कुठे?

---

चहाबाज | १८ नोव्हेंबर

मला वाटतं तुम्ही सगळे जरा जास्तच घाबरवताय त्यांना. आम्ही शिकागोवाले तीन वेळा गेलो डिसेंबरात, हुडी आणि जीन्स, विषय संपला. थंडी वाजली तर तिथे दुकानं आहेतच.

---

दोनपोरांचीआई | १८ नोव्हेंबर

चहाबाज, तुम्ही सगळे तरुण आणि शिकागोच्या थंडीत मुरलेले. ४ वर्षांची पोर आणि ७३ चे आजोबा बरोबर असले की हिशेब बदलतो हो. आणि पार्कातल्या दुकानात सहा जणांना हुड्या घ्यायच्या म्हणजे केवढ्याला पडेल बघा. शिवाय एक गोष्ट मला तिथे गेल्यावरच कळली, जो चालतो त्याला थंडी कमी वाजते आणि जो बसून असतो तो गारठतो. मी स्ट्रोलर ढकलत होते, मला घाम, म्हणून मी आपलं समजत होते की लेकीलाही उकडतंय. हात लावला तर तिची पावलं बर्फ! स्ट्रोलरमध्ये वारा समोरून लागतो ना. तेव्हापासून तिच्या मांडीवर एक पातळ फ्लीसचं पांघरूण कायम. आजी-आजोबांसाठी व्हीलचेअर घेणार असाल तर त्यांनाही तेच लागू. जीन्सबद्दल पण माझं मत वेगळं आहे, भिजली की तासन् तास वाळत नाही, आणि दिवसभर चालून मांड्या घासल्या जातात.

---

चहाबाज | १८ नोव्हेंबर

व्हीलचेअर-स्ट्रोलरचा मुद्दा पटला, हा विचार मी केलाच नव्हता, शब्द मागे. जीन्सवर मात्र मी ठाम आहे, मी पाण्याच्या राइड्स करतच नाही :) जॅकेटांबद्दल आमची पद्धत सांगतो. विमानतळापर्यंत कुणी सोडायला येत असेल तर जाड जॅकेटं त्यांच्याच गाडीत परत पाठवायची आणि परतीला त्यांनाच घेऊन यायला सांगायचं. गाडीतून उतरून दारात शिरेपर्यंतचा एक मिनिट हुडीवर निघतो. कुणी नसेल तर पिसांची पातळ जॅकेटं मिळतात, मुठीएवढ्या थैलीत बसतात, तीच घालून निघा आणि तिकडे संध्याकाळी वापरा.

---

कंदीपेढा | १९ नोव्हेंबर

साडीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, कारण माझ्या आईला घेऊन गेले तेव्हा मी याच काळजीत होते. आई साताऱ्याची, तेव्हा ६६ ची, आयुष्यात साडीशिवाय दुसरं काही अंगाला लावलेलं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे साडीत जाता येतं. कुणी अडवत नाही, कुणी बघत नाही, उलट दोन बायकांनी थांबून छान आहे म्हणून सांगितलं आणि आई दिवसभर खूश. सुती साडी नको, चुरगळते आणि निऱ्या सुटतात, सिंथेटिक किंवा मिक्स घ्या, रात्री धुतली तर सकाळी वाळलेली मिळते. साडी घोट्याच्या वर येईल अशी नेसवा, म्हणजे बुटात अडकत नाही. परकराच्या आत लेगिंग्ज, हे तर मी आईला जबरदस्तीने घालायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून मागितलं, वारा खालून लागतो तो बंद होतो. ब्लाउजवर अर्ध्या बाह्यांचा नको, समोरून बटणांचा लांब बाह्यांचा स्वेटर, आणि पदर स्वेटरच्या आत घेऊन पिन लावायची. पदर मोकळा ठेवून कुठल्याही राइडमध्ये बसू देऊ नका, हात जोडून सांगते. ओढणी-स्कार्फलाही तेच, काढून पिशवीत.

पण साडीत सगळं होत नाही. काही राइड्सना मोटरसायकलवर बसल्यासारखं दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावं लागतं, ॲनिमल किंगडममधली अवतारची फ्लाइट ऑफ पॅसेज आणि मॅजिक किंगडममधली ट्रॉन. आईला अवतार बघायचंच होतं. तिथे बाथरूममध्ये जाऊन ती माझा कुर्ता आणि आतल्या लेगिंग्ज अशी बाहेर आली, आधी अवघडली, सारखी कुर्ता खाली ओढत होती. राइड संपल्यावर मात्र माझा हात धरून म्हणाली, अगं मी उडले. एवढं एकच वाक्य, आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही. त्या दिवसाची साडी पिशवीतच राहिली.

तेव्हा आईंसाठी गुडघ्याच्या खाली येणारे दोन सैल कुर्ते आणि पँट बरोबर ठेवा. आग्रह करू नका, फक्त बरोबर ठेवा. आणि त्याच पार्कात आशिया विभागात आनंदपूर नावाचं गाव उभं केलंय, जुन्या भिंती, रंगवलेल्या पाट्या, जीर्ण महाल आणि त्यात खरे वाघ. तिथे साडीतला फोटो असा काही येतो की विचारू नका, त्यामुळे त्या दिवशी सकाळी साडी, फोटो झाले की कुर्ता.

दागिन्यांचं म्हणाल तर मंगळसूत्र छोटं घालून आत घ्यायचं, बांगड्या काचेच्या नकोत.

---

उत्तररात्र | १९ नोव्हेंबर

पाण्याच्या राइड्सबद्दल थोडं. ॲनिमल किंगडममधली काली रिव्हर रॅपिड्स आणि युनिव्हर्सलमधली पोपायची गोल होडी, या दोन्हीत माणूस नखशिखांत भिजतो, आत गेलेला बूट बाहेर येताना पाण्याने भरलेला असतो. मॅजिक किंगडमची टियानाज बायू ॲडव्हेंचर, २०२४ मध्ये नवी सुरू झालीये, तिच्यात कुठे बसलात त्यावर आहे. माझा नियम असा, दुपारी १२ ते २ मधेच आणि २२ च्या वर तापमान असेल तरच. संध्याकाळी भिजून १५ डिग्रीत फिरणं मी एकदा केलंय, दात वाजत होते, पुन्हा नाही.

घरून साधे पावसाळी पोंचो न्या, पातळ प्लास्टिकचे, सहा जणांचे मिळून एका हाताच्या मुठीत मावतात. पाऊस, राइड आणि वारा तिन्हीला उपयोगी. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून बसणारे पण बघितलेत, उपाय चांगला आहे. मुलासाठी त्या राइडला पट्ट्याच्या सँडल द्या, साध्या स्लिपर वाहून जातात. युनिव्हर्सलमध्ये काही राइड्सना खिशात काहीही ठेवू देत नाहीत, सगळं लॉकरमध्ये जातं, म्हणून त्या दिवशी जॅकेटला चेनचे खिसे असोत नसोत, सामानच कमी न्या.

पोहण्याचे कपडे एकेक जोड नक्की घ्या. डिस्नेच्या हॉटेलांतले तलाव गरम केलेले असतात, पोरं १५ डिग्रीतही उतरतात. बाहेर येताना मात्र टॉवेल घेऊन काठावर उभं राहायचं.

---

हिवाळी | २० नोव्हेंबर

उन्हाची टोपी आणि सनस्क्रीन विसरू नका, गारवा असतो म्हणून कळत नाही आणि मान-नाक भाजून निघतं. मोठी बाटली चेकइन बॅगेत, हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वरची अडवतात.

---

भटकभवानी | २० नोव्हेंबर

आणखी एक. तिथे वारा कुठे लागतो ते माहीत असलं की बरं. मॅजिक किंगडमला पार्किंगहून जाताना तळं ओलांडून फेरीबोट असते, रात्री परतताना वरच्या डेकवर उभं राहिलात तर हाडं गोठतात, आजी-आजोबांना मोनोरेलने आणा. ॲनिमल किंगडमची सफारी उघड्या ट्रकमधून आहे, प्राणी सकाळी जास्त हलतात म्हणून सगळे सकाळीच जातात आणि सकाळीच गार असतं. एपकॉटचं तळं, तिथेही रात्री. आणि आतिषबाजीसाठी तासभर आधी जागा धरून फरशीवर बसायचं, फरशी खालून गार लागते, घडीची पातळ चटई असू द्या. बाहेर २५ असताना आत हॉटेलात-थिएटरात एसी एवढा की शाल अंगावर घ्यावी लागते, ते वेगळंच.

---

गोदाकाठ | २१ डिसेंबर

बॅगा भरल्या, सांगते काय काय झालं. प्रत्येकाला चार टीशर्ट किंवा शर्ट, त्यातले दोन पूर्ण बाह्यांचे, दोन पातळ पँट, एक थर्मल फक्त वरचं, एक फ्लीस, एक विंडचीटर, सात जोड मोजे, दोन जोड बूट. तिसऱ्या दिवशी रात्री हॉटेलातल्या मशीनमध्ये धुणं टाकणार म्हणून सहा दिवसांचे कपडे घेतलेच नाहीत. कानटोप्या सहा, एका मोज्याच्या जागेत बसल्या. लेकीला राजकन्येचा घोळदार झगाच घालायचाय रोज, तो एक नंबर मोठा घेतलाय म्हणजे आतून लेगिंग्ज आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट जातो. मुलाला स्टार वॉर्सचा झगा, तो १० चा आहे म्हणून चालतं, १४ आणि त्यावरच्यांना तिथे असे पोशाख घालू देत नाहीत असं वाचलं. आईंनी बूट घरात घालून फिरायला सुरुवात केलीये, स्वयंपाकघरात सुद्धा. कुर्ते मी बॅगेत तळाशी ठेवलेत, काही बोलले नाहीये.

प्रत्येकाचा एक पूर्ण जोड आणि बाबांची औषधं हातातल्या बॅगेत.

---

गोदाकाठ | ६ जानेवारी

आलो परत! आधी दंडवत सगळ्यांना, आणि आता वृत्तांत.

हातातल्या बॅगेत एकेक जोड ठेवला ते किती बरं केलं, आमची एक मोठी बॅग विमानतळावर आलीच नाही, दुसऱ्या दिवशी रात्री हॉटेलवर पोचली. नेमकी आई-बाबांची. मी रडायच्या बेतात होते पण बाबांचं थर्मल, स्वेटर, औषधं, आईंची साडी आणि शाल सगळं जवळ होतं, त्यामुळे पहिला दिवस वाया गेला नाही. बूट सगळ्यांचे पायातच होते.

पहिले तीन दिवस २५-२६. मुलं शॉर्ट्सवर, मी फ्लीस कमरेला बांधून. चौथ्या दिवशी दुपारी पाऊस, पोंचो निघाले, आणि पाचव्या दिवशी सकाळी ४१, म्हणजे ५ डिग्री. अगदी भटकभवानीने लिहिलं होतं तसंच, पाऊस, मग निळं आकाश आणि वारा. तो दिवस नेमका केनेडी स्पेस सेंटरचा. माझ्या मनात आलं बाबांना हॉटेलातच ठेवूया, पण ते पहाटे साडेसहालाच तयार होऊन बसलेले, थर्मल, शर्ट, बिनबाह्यांचा स्वेटर, विंडचीटर, कानटोपी, अगदी तुम्ही सांगितलेल्या क्रमाने, इंजिनियरकाका. रॉकेट गार्डनमध्ये ते प्रत्येक रॉकेटखाली थांबून पाटी वाचत होते आणि मी घड्याळ बघत होते, त्यांना म्हटलं बाबा आत जाऊया का, तर म्हणाले तू जा, मला थंडी नाही. चॅलेंजरच्या माणसांची स्मृती जपलेली जागा आत आहे, तिथे ते टोपी काढून उभे राहिले. खोकला नाही झाला. आजतागायत नाही झाला.

व्हीलचेअर दुपारनंतर दोघांना आळीपाळीने वापरली आणि मांडीवर पांघरूण. लेकीच्या स्ट्रोलरच्या खालच्या जागेत सगळ्यांचे काढलेले थर राहायचे, ती आमची चालती-फिरती कपाटच होती.

चुकलं काय तर मी स्वतःसाठी जीन्स नेली एक, ती कालीत भिजली आणि रात्रीपर्यंत गुडघ्यांना चिकटून होती. दोनपोरांचीआई, तुझं ऐकायला हवं होतं. हातमोजे नेले नाहीत, ५ डिग्रीच्या सकाळी स्ट्रोलरची दांडी धरून बोटं आखडली, एक जोड न्यायला हवा होता, तोही फक्त ढकलणाऱ्यासाठी. मोजे दुपारी बदलायची युक्ती तर सोन्यासारखी, बाबासुद्धा तिसऱ्या दिवसापासून जेवण झालं की मोजे मागायचे. फोड एकालाही नाही.

आता आई. दोन दिवस साडी, बूट, व्यवस्थित. ॲनिमल किंगडमला आनंदपूरमध्ये त्यांचा आणि बाबांचा फोटो काढला, मागे तो मोडका महाल, हिरवी साडी, खरंच सांगते नाशिकच्या जुन्या वाड्यासमोर काढल्यासारखा आलाय. मग अवतारच्या रांगेपाशी त्या मुलाला म्हणाल्या तू जाऊन ये, मी इथे बसते. मी काहीच बोलले नाही, पिशवीतून कुर्ता आणि पँट काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी बघितलं, घडी उलगडली, पुन्हा घातली. पाचएक मिनिटांनी विचारलं, बाथरूम कुठे आहे गं?

रांगेत आम्ही दीड तास होतो, नातवाचा हात सोडला नाही त्यांनी.

---

कंदीपेढा | ६ जानेवारी

माझ्या डोळ्यात पाणी आलं वाचताना. काय म्हणाल्या गं बाहेर आल्यावर?

---

गोदाकाठ | ६ जानेवारी

म्हणाल्या परत जायचंय :) वेळ नव्हता, रांग दोन तासांवर गेली होती. पण तो कुर्ता इथे आल्यावर धुऊन स्वतः इस्त्री करून त्यांनी त्यांच्या कपाटात लावलाय.

---

पावसाळी | ९ जानेवारी

धागा अगदी वेळेवर सापडला, आम्ही फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जातोय, बरोबर माझी आई. तिला नऊवारीची सवय आहे, तिचं कसं करावं? आणि बूट नेहमीच्या मापाचे घ्यायचे की मोठे?

---

कंदीपेढा | ९ जानेवारी

नऊवारी काष्ट्याची असेल तर चालायला पाचवारीपेक्षा सोपी पडेल बघ, पाय मोकळे राहतात. फक्त पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून आतून लेगिंग्ज आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे, आणि काष्टा पिनेने पक्का कर. बूट अर्धा नंबर मोठे घे, दुपारपर्यंत पाय सुजतात, आणि दुकानात संध्याकाळी जा मापायला, मोजे घालून. फेब्रुवारीतही लाट येते, तेव्हा कानटोपी घे.

---

दोनपोरांचीआई | १० जानेवारी

आणि हातमोज्यांचा एक जोड, स्ट्रोलर किंवा व्हीलचेअर ढकलणाऱ्याला!